कुंकवाखालची चीर

त्या दिवशी लॅबमध्ये तिघं होतो. मी, सुमन, काचेची भांडी धुणारी. रेवती, तिथं पीएचडी करणारी मुलगी. आणि तिचे सर, ते आतल्या केबिनमध्ये फोनवर. चौथं कोणी होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

मी चौथी शिकलेली. मी बोलते, नात मोबाईलवर टाइप करते. भूतखेत, अंगात येणं असलं मी कधीच मानलं नाही. सासूच्या अंगात यायचं तेव्हा मी बाजूला भाकऱ्या थापत बसायचे, कारण ते उतरलं की त्यांना भूक लागायची. तर एवढं धरून पुढचं वाचा.

कॉलेज ठाण्याचं, नाव नको. मोहन्याहून निघायचं, कल्याणला बस धरायची, शीळफाट्याला अडकायचं आणि नऊच्या आत मोरीवर उभं राहायचं. ते सिंक म्हणतात, मी मोरीच म्हणायचे.

आमचे मालक मोहन्याला रेयॉनच्या फॅक्टरीत होते. धागा करायला गंधकाचं काहीतरी लागायचं तिथं. त्यांच्या शर्टाला वास असायचा, मुळा सडल्यासारखा. कितीही धुवा, जायचा नाही. घरी आले की शर्ट आधी मोरीतल्या खिळ्याला, मग आंघोळ, आणि मगच पोरांना जवळ घ्यायचे. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. शर्ट मी तेव्हाच देऊन टाकले.

रेवती काय करते ते तिनेच मला चहा पिताना सांगितलेलं. "मावशी, गंधक आणि नत्र एकमेकांना जोडायचं. त्या जोडीतून औषधं होतात."

"मग आजपर्यंत कोणी जोडलं नाही?"

"जोडतात ना. पण जुन्या पद्धतीत धूर, घाण वास, डोळ्यांतून पाणी. मी बिनवासाची पूड घेते, वर निळा दिवा लावते, आणि एकाच भांड्यात सगळं होतं."

"म्हणजे रजिस्टर लग्न."

"हो, आणि मध्ये सासूपण नाही." खूप हसलेली त्या दिवशी.

तिचा एक गोल बुडाचा फ्लास्क होता, नारळाएवढा. पहिल्यांदा जमलं ते त्याच्यात. तेव्हापासून दुसऱ्या भांड्यात करायची नाही.

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा असते. मशीनं, काचा पुसून टेबलावर मांडायच्या, हळदकुंकू लावायचं. हे काम माझं. त्या सकाळी तो फ्लास्क धुताना हातातून निसटला आणि नळाला ठोकला. फुटला नाही. उजेडात धरला तर गळ्याच्या जरा खाली चीर... चांदणीसारखी, नखाएवढी.

वयामुळे माझे हात तेव्हा कापायला लागलेले. नवीन कंत्राटदार म्हाताऱ्या बायका काढत होता. ह्या नातीची शाळा माझ्यावर. मी तेलात कुंकू कालवलं आणि त्या चिरेवर लावलं. बोटभर, जाड. मग कोणाला वेगळं दिसू नये म्हणून बाकीच्यांनाही तसंच लावलं.

वाटलं, रेवती पुसेल, मग दिसेलच तिला. ती म्हणाली, "राहू दे मावशी, बाहेरूनच आहे. पूजेचं कशाला पुसायचं."

चार दिवसांनी, दुपारचे तीन. फ्लास्कमध्ये तिचा सहा महिन्यांचा माल होता, सगळा. तो बाहेर तपासायला पाठवला की पेपर छापणार होता, मग डिग्री. आता फक्त रस आटवायचा राहिलेला. त्याचं मशीन असतं, रोटा म्हणतात. फ्लास्क गरम पाण्यात फिरत राहतो आणि आतली हवा खेचून घेतात. चीर गेलेलं भांडं हवा खेचली की फुटतं. मला माहीत होतं. दोनदा बघितलेलं.

मी मोरीवर. रेवती माझ्याकडे पाठ करून, चष्मा डोक्यावर चढवलेला, तोंड काचेजवळ. मी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं.

तेवढ्यात बाजूने वास आला. मुळा सडल्यासारखा. घरच्या मोरीसारखा तिथं खिळा नाही, नुसत्या टाइल्स आहेत, तिथून. अंगावर काटा वगैरे नाही आला. उलट मनात आलं... आले, आता चहा टाकायला हवा.

"रेवती, इकडे ये. वास येतोय."

"कसला वास मावशी, माझ्या पद्धतीत वासच नाही. नाक दाखवून घ्या तुमचं."

"ये म्हणते ना."

आली. मोरीशी वाकून हुंगलं. "मला तर काहीच..." आणि तिच्यामागे फाडकन आवाज झाला. तिचं तोंड होतं त्याच्या मागच्या कपाटाच्या दारात काच रुतलेली.

सर धावत आले. मुलगी धड आहे बघितलं आणि मग चिडले. "लावण्याआधी फ्लास्क तपासायचा नाही? पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो आपण हे."

"सॉरी सर. माझंच चुकलं."

मी तिथंच, हातात झाडू.

पुढच्या आठवड्यात मला शाल आणि नारळ दिला, मावशींमुळे मुलीचे डोळे वाचले म्हणून. मी घेतला. त्या नारळाची चटणी पण केली.

रेवतीला पुन्हा ते तसं जमलं नाही. पूड तीच, दिवा तोच, फ्लास्क नवा. म्हणायची, "माझाच हात चुकतोय मावशी." मग बाहेरच्या देशातल्या कोणी तीच पद्धत आधी छापली. तिने सोडलं. जाताना माझ्या पाया पडली. तेव्हा तरी बोलायचं होतं... मी म्हटलं, सुखी राहा.

सरांना विचारलेलं, वास कशाचा असेल? म्हणाले, त्या मालातून तसला वास निघत नाही, आणि दुसरं कोणाचं काम चालू नव्हतं. शेजारीण म्हणते, तुझ्या मालकांनी मुलीला वाचवलं. वाचवलं असेल. पण आपल्या अंगावरचं पोरांना लागू न देणारा माणूस तो. मला वाटतं ते माझ्यासाठी आलेले, मी खरं सांगावं म्हणून, आणि मी तेव्हाही खोटंच बोलले. चीर आहे असं नाही म्हटलं, वास येतोय म्हटलं.

त्या दिवशी झाडताना कुंकू लागलेला काचेचा तुकडा सापडला. डब्यात ठेवलाय. मधे मधे काढून हुंगते. नुसती काच. वास परत कधी आला नाही.

रेवती डोंबिवलीला कुठल्या क्लासमध्ये शिकवते म्हणे. वाचणाऱ्यांत कोणी तिला ओळखत असेल तर हे तिला दाखवा. सांगा, तिचा हात चुकला नव्हता. चीर सुमनमावशीने पाडलेली, आणि झाकलीपण तिनेच.