खारट हात

लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून वांग्याची भाजी खारट झाली. सासूनं एक घास खाल्ला, दोन घोट पाणी प्यायली आणि निकाल देऊन टाकला, "हिना हात खारा शे." त्या निकालावर अपील नव्हतं. पुढं मी एसटीत कंडक्टर झाले, सुट्टी असली की रोजची भाजी माझ्यावर यायची, तेवढ्यापुरती सूट मिळाली. पण लोणचं आणि बिबड्या यांच्या मिठाला तिनं मला बावीस वर्षांत बोट लावू दिलं नाही.

खानदेशाबाहेरच्या माणसाला बिबडी समजावून सांगावी लागते. ज्वारीचा कोंडा काढून पीठ करायचं, भिजवायचं, तीळ-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात त्याचा घाटा शिजवायचा आणि गरम गरम ओल्या धोतरावर थापून खाटेवर उन्हात वाळवायचा. पापडच तो, पण पापड म्हटलेलं आमच्याकडे कुणाला आवडत नाही. गल्लीत प्रत्येक घरची बिबडी वेगळी. बायका तुकडा मोडून तोंडात टाकतात आणि ती कुणाच्या घरची ते डोळे मिटून सांगतात. आमच्या घरची बिबडी म्हणजे आईचा हात. सासूला मी आईच म्हणायची, भांडतानासुद्धा.

आणि आम्ही भांडायचो. अमळनेरात आमच्या गल्लीला घड्याळ लागत नसे, आमचा आवाज चढला की सात वाजले असं समजायचे. आई गेली त्या दिवशीही सकाळी वाजलं होतं. ती दम्याची गोळी घेईना म्हणून मी ओरडले, ती म्हणाली माझ्या जिवाचं मी बघेन, आणि मी तिच्याशी न बोलता ड्युटीवर निघाले. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लावली आणि फोन आला. सगळ्यांत आधी अमळनेरला सुटणारी गाडी माझीच होती. म्हणून सासू गेल्याचं कळल्यावर मी मशीनमधून तिकिटं काढत, "मागं जागा आहे, सरका" असं म्हणत घरी आले. लोकांना ही गोष्ट मोठी धीराची वाटते. धीर कसला, मला उतरताच येत नव्हतं.

शिवरात्र झाली, ऊन चावायला लागलं. धुळ्याच्या रस्त्यावर पळस पेटले. त्याच आठवड्यात मी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. आत ज्वारी होती. दिवाळीच्या आधी आईनं चष्मा लावून एकेक दाणा निवडला होता, वर कडुनिंबाचा पाला टाकून तोंडाला फडकं बांधलं होतं. बिबड्यांची ज्वारी. फडकं सोडलं तर दोन सोंडे, धान्यातले किडे, कडेनं चालत होते. मी त्यांना चिरडलं आणि तिथंच खाली बसले. पुढच्या वर्षापर्यंत या डब्यात नुसता भुसा राहणार होता. तिच्या हातचं दुसरं काही खाण्यासारखं घरात उरलं नव्हतं. लोणच्याची बरणीसुद्धा तेराव्याच्या पंगतीत संपली होती.

मी ज्वारी दळायला काढली आणि अक्का हजर झाल्या. अक्का म्हणजे माझ्या सासूची मोठी जाऊ, पलीकडच्या दारात राहतात आणि घराण्याचे सगळे नियम त्यांना पाठ.

"वरीसना आत घाटा शिजत नही, तुले माहीत नही का?"

माहीत होतं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी वर्षभर बिबड्या-पापड करत नाहीत, भाऊबंद आपल्यातले देतात. मी म्हटलं, "अक्का, या घरात भाकरी होते, चहा होतो, मी चौदाव्या दिवसापासून गाडीत डबल बेल मारते. मग बिबडीनंच काय पाप केलं?"

"लोके काय म्हनतीन? सासू गयी आनि सून खूश व्हयनी."

हा घाव बरोबर जागी बसला. भांडायची म्हणून प्रसिद्ध सून मी, माझं दुःख लोकांना दिसावं कसं? भांडणं सगळ्या गल्लीनं ऐकलेली. पण उन्हाळ्यात पहाटे ती माझ्या पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून द्यायची, ते कुणी पाहिलेलं नव्हतं. मला राग आला, अक्कांचा, गल्लीचा आणि आईचाही. मी म्हटलं, "म्हनू द्या."

नवऱ्याला सांगितलं. तो दीपनगरला पॉवर हाऊसमध्ये फिटर आहे, शिफ्टचा माणूस, आठवड्यातून एकदा घरी येतो. तिथं भलीमोठी मशिनं खोलतो आणि घरातला कुठलाही प्रश्न अक्कांकडे ढकलतो. "अक्काला विचार," म्हणाला. मी म्हटलं, "विचारलं. नाही म्हणाल्या. मी गुरुवारी करणार आहे." तो बराच वेळ डब्यातल्या ज्वारीत हात घालून बसला. मग म्हणाला, "धोतर मी धुऊन ठेवतो." त्याच्या मानानं हे बंडच होतं.

गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी. पहाटे अंगणात तीन विटा मांडल्या, लाकडं पेटवली, आधण ठेवलं. इतक्या वर्षांत मी घाटा शिजताना कधी नीट पाहिलाच नव्हता. माझी नेहमी पहिली पाळी असायची आणि खरं सांगायचं तर मीच ती मागून घ्यायची, कोण तो धूर खाईल म्हणून. दुपारी यायचं, कच्च्या तेलाशी गरम घाटा वाटीभर खायचा, आणि थापायला बसायचं. म्हणून मला घाट्याची ती चव मात्र पक्की पाठ होती असं मी समजत होते.

मीठ टाकायची वेळ आली. बावीस वर्षांची बंदी होती. एक मूठ टाकली, बोटावर घेऊन चाखलं, अळणी. अजून टाकलं. अळणीच. मग अर्धी मूठ, आणि जमलं. जिभेला अगदी बरोबर लागलं. मी मोठ्यानं म्हटलं, "बघ, कोणाचा हात खारट?" अंगणात कुणी नव्हतं. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढचं पाणी धुराचं नव्हतं.

पीठ वैरलं आणि घात झाला. एका हातानं वैरायचं, एका हातानं हाटायचं, दोन्ही हात माझेच. पातेल्यात भराभर गाठी व्हायला लागल्या. कुंपणापलीकडे अक्का पाठ करून उभ्या होत्या. नियमाप्रमाणे त्यांनी बघायचं नव्हतं, पण वासानं माणूस किती वेळ पाठ करील? शेवटी तरातरा आल्या.

"सरक तिकडे! बठ्ठ्या गठया करी टाक्यात!" माझ्या हातातला दांडा ओढून घेतला आणि पदर खोचून हाटायला लागल्या. सत्तरीची बाई, पण पाच मिनिटांत घाटा लोण्यासारखा केला. मग बोटभर चाखला आणि थांबल्या.

"मीठ कितलं टाकं वं?"

"बरोबर आहे की."

"बराबर शे म्हनीसनच चुकनं. घाटा फिका लागाले पाह्यजे. वाळीसन मीठ वर येस." मग हळू आवाजात, "तिनी तुले सांगं नही?"

नाही सांगितलं. दुपारी मी खायची तो घाटा फिकाच असायचा. वर तेलाबरोबर तिखटमिठाची चिमूट ती स्वतः टाकून द्यायची. ते मी विसरले होते.

आता डब्यात दुसरी ज्वारी नव्हती. अक्का म्हणाल्या, फेकून दे, गायीला घाल, कुणाला कळणार नाही. मी खाट आडवी केली, तिच्यावर ओलं धोतर पसरलं आणि पहिला गोळा थापला. अक्का थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग समोर बसल्या आणि दुसरा थापला. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही दोघी थापत राहिलो.

होळीला भाजून पाहिल्या. खारट, चांगल्याच खारट. नवरा एक बिबडी खाऊन तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "गल्लीत वाटू नको मग."

आमच्याकडे नव्या बिबड्यांचा वानोळा घरोघर देतात. आईनं एकही वर्ष चुकवलं नव्हतं. मी पाच-पाचचे वाटे केले आणि युनिफॉर्म घालूनच, ड्युटीवर जाण्याआधी, दारोदार दिले. पहिला अक्कांना. त्यांनी तो पदराआड घेतला आणि आत गेल्या.

शेवटच्या घरच्या म्हातारीनं माझ्यासमोरच तुकडा मोडला, डोळे मिटून चघळला. तोंड वाकडं केलं.

"हाऊ तुना सासूना हात नही."

"नाही," मी म्हटलं. "माझा आहे. आता या घरचा हाच."