न विचारलेला कौल

दोन्ही हात जोडून नमस्कार करणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती चालत्या मोटारसायकलवर करू नये, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी "काय सरपंच, निघालास का?" म्हणून हाक मारली, आणि मी हँडल सोडून सगळ्यांना एकदम हात जोडले. गाडी सरळ कडब्याच्या गंजीत शिरली. लागलं काही नाही. फक्त इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाला जागोजागी कडबा चिकटला आणि पारावरून सल्ला आला, "आता डायवर ठिव बे गाडीला."

सरपंच मी अजून झालो नव्हतो. व्हायचा होतो, थोड्याच वेळात, महादेवाच्या देवळात.

त्याचं असं झालं. आमचं गाव वडवणीच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत. दर निवडणुकीला दोन तट पडायचे आणि पुढची निवडणूक येईपर्यंत निम्मी घरं एकमेकांच्या लग्नाला जायची नाहीत. या खेपेला जाणत्यांनी ठरवलं की सरपंच बिनविरोध करायचा. नावं दोन उरली. एक ट्रॅक्टरवाले बागायतदार पाटील, दुसरा मी, फाट्यावरचा किराणा दुकानदार. आता 'फाट्यावरचा' म्हणण्यातही अर्थ राहिलेला नाही. नवा रस्ता गावाबाहेरून गेला, एसटी तिकडून जायला लागली, आणि दुकानात मी आणि गुळावरच्या माश्या एवढेच उरलो. त्यावरून मी असं ताडलं होतं की मला सरपंच करायचं म्हणूनच देवानं दुकान बसवलं. देवाच्या मनातलं मला फार लवकर कळतं. कुणाला माणूस लवकर कळतो, कुणाला पाऊस, मला देव.

दोघांतला एक निवडायचा तर कौल लावायचा, असं ठरलं. आमच्या महादेवाच्या मंडपात गुळगुळीत फरशीवर एक गोल दगड आहे, भोपळ्याएवढा. त्यावर दोन्ही तळवे टेकवायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही. मात्र हात लावायचा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर तो माझ्या वडिलांकडं आला. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणतं, मीही. सोयरीक, विहिरीची जागा, परगावची नोकरी, काहीही असो, माणसं आण्णांकडं यायची. आण्णा आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून घटकाभर बसायचे आणि मग दगडावर असे हात ठेवायचे, जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावर ठेवलेत.

सख्खा मुलगाच उमेदवार, आणि कौल बापानं लावायचा! दुसऱ्या कुठल्या गावात यावरून डोकी फुटली असती. आमच्याकडं पाटील स्वतः म्हणाले, "आण्णा हात ठिवणार आसतील तर मला काई इचारायचं न्हाई. लेकासाठी दगड फिरवणारा माणूस न्हाई त्यो." हे ऐकून माझी छाती फुगली. वास्तविक त्यात माझं कौतुक कुठंच नव्हतं.

आण्णा मात्र उन्हाळ्यापासून जरा विचित्र वागत होते. कौलाला आलेल्यांना परत लावायचे. "आज न्हाई. पुढं बघू." कुणी फार गळ घातली तर म्हणायचे, "आपल्या अकलेनं करा, देव काई नको म्हणत न्हाई." वयानं कंटाळले असतील, असं आम्ही समजलो. माझ्या कौलाचं सांगितलं तेव्हा तसं केलं नाही. एवढंच म्हणाले, "बरं."

तर कडबा झटकत मी देवळात पोचलो. मंडप भरलेला. एका बाजूला बायका, त्यांत माझी बायको. खांबाशी गुलालाची थाळी आणि हार. हार एकच आणला होता. कुणासाठी, हे कुणी बोलत नव्हतं. आण्णा दगडासमोर बसले. उजवीकडं फिरला तर मी, डावीकडं फिरला तर पाटील. हात टेकवले.

आणि दगड फिरला. उजवीकडं. रेंगाळला नाही, अडखळला नाही, चांगला पाव वेढा फिरला. 'हर हर महादेव'चा गजर झाला, हार माझ्या गळ्यात पडला, कुणीतरी माझ्या नाकात गुलाल भरला. पाटलांनी मला मिठी मारली. मी आनंदानं शिंकत होतो.

"थांबा," आण्णा म्हणाले.

ते उठलेच नव्हते. हात दगडावरच होते आणि दगड अजून हलत होता. थोडा उजवीकडं, थोडा मागं, पुन्हा उजवीकडं.

"मी आजून इचारलंच न्हाई."

कुणाला काही समजलं नाही. मला तर मुळीच नाही. आण्णांनी उजवा हात उचलून सगळ्यांसमोर धरला. हात थरथरत होता. थंडीत कुडकुडावा तसा नव्हे. आतून कुणीतरी तो हलवतंय, असा. ज्या माणसाच्या ताटाला ताट लावून मी रोज जेवत होतो, त्याचा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो.

"प्रश्न मनात धरायच्या आधीच फिरला त्यो," आण्णा म्हणाले. "ह्यो कौल न्हाई. मह्या हाताचा रोग हाय."

पाटीलच पुढं झाले. "आण्णा, फिरला ना उजवीकडं? झालं मग. आमाला मान्य हाय."

"तुमाला आसंल. त्येला इचारलंय का?" आण्णांनी गाभाऱ्याकडं मान केली.

बायकांमधून एक आवाज आला. त्या बाईच्या मुलीची सोयरीक कौलावर ठरली होती. "आण्णा, मग आमच्या लेकीचं?"

आणखी दोघीतिघी पुढं सरकल्या. निम्म्या गावाचे संसार त्या दगडावर उभे होते.

"तुझ्या लेकीच्या येळेला हात धड होता, बाई. उन्हाळ्यात हालायला लागला, तवापासून म्या कुणाला कौल दिला न्हाई. आठवून बघा."

माणसं आठवू लागली. खरंच, एकालाही दिला नव्हता.

"मग आज कावून बसलात?" मागून कुणीतरी विचारलं. प्रश्न रास्त होता. मलाही तोच पडला होता.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. दगडाकडं बघत म्हणाले, "लेकाचं नाव होतं म्हून बसलो. दुसऱ्या कुणाचं आसतं तर बसलो नसतो. आज हात राहील धड, आसं मनाला समजावलं. हात तर हाललाच, पण त्येच्या आधी मन हाललं होतं. आता ह्या घराचा मान संपला. दगड हाय, देव हाय, तुमी हाव. मला मोकळं करा."

मी हार काढायला गेलो तर त्याचा दोरा शर्टाच्या गुंडीत अडकला. काही केल्या सुटेना. शेवटी पाटलांनी सोडवला, तोही हळुवार, एखाद्या आजाऱ्याचे कपडे काढावेत तसा. रागावावं म्हटलं तर कुणावर? बिनविरोधची बोलणी तिथंच मोडली. पुढं रीतसर मतदान झालं आणि मी रीतसर पडलो.

त्या संध्याकाळी आण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मी जवळ जाऊन बसलो.

"निदान घरी तरी सांगायचं, आण्णा."

"सांगणारच होतो. आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलं. इतकी वर्षं लोकांनी ह्या हातावर इश्वास टाकला. त्यो जातोय म्हणताना मलाबी जड गेलं."

"आता माझं कसं? मला वाटलं, दुकान देवानंच बसवलं, ह्यासाठी."

"देवानं काय केलं त्ये देवाला म्हाईत. तू सकाळी दुकान उघड. न्हाईच चाललं तर दुसरं काई बघू. त्यो वाट दावील. पण त्येच्या नावानं आपणच ढकलायचं, ह्ये न्हाई चालत."

"ह्या रोगाचं तुमाला भ्या न्हाई वाटत?"

"लई वाटतं," आण्णा म्हणाले. "पण देवाला सांगता तरी येतंय. खोटा कौल घेऊन घरी आलो आसतो, तर कोणत्या तोंडानं सांगितलं आसतं?"

एवढं बोलून त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला, आणि आम्ही दोघं रस्त्याकडं बघत बसलो. रस्त्यावरून कुणी जात नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको भाकरी थापत होती. म्हटलं, "एवढा हात हालतो त्यांचा आणि घरात कुणाला पत्ता न्हाई, कमाल हाय."

"मला व्हता," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासनं चहा अर्धाच देते मी त्यांला. भरला की सांडतो."

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी आधी इचारलं आसतं, हात कोणत्या अंगाला हालतो."