शेंड्याचा मणी

सडक्या द्राक्षांच्या वासाची मला आजही शिसारी येते. शी! लोकांना वाटतं, द्राक्षांच्या गावात दिलेली पोर, मज्जाच असेल हिची. कसली मज्जा! आमची निफाडकडची दीड एकर बाग, आणि पिकेपर्यंत तिच्यावर औषधाचे इतके फवारे बसतात की घरातलं कुणी त्यातला मणी तोंडात टाकत नाही. खायला म्हणून विहिरीजवळ एकच झाड बिनफवाऱ्याचं ठेवलेलं. त्या वर्षी त्याला जेमतेम नऊ घड धरले होते.

नणंदेला सातवा महिना होता. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेलेले. डोहाळजेवणाला माहेरी येणार होती आणि फोनवर एकच धोशा, "वहिनी, मला विहिरीवरचीच द्राक्षं पाहिजेत. कुणाला हात लावू देऊ नको गं." मी म्हटलं, राखते.

मण्यांत पाणी उतरलं, कडक हिरवे मणी मऊ पडायला लागले, आणि एका सकाळी बघते तर एका घडाचा शेंड्याचा, म्हणजे अगदी खालच्या टोकाचा मणी गायब. शेंड्याचा मणी सगळ्यांत शेवटी गोड होतो, म्हणून जाणकार माणूस तोच चाखतो. पण तो कात्रीने कापायचा. ओढून तोडला की तिथून रस गळतो आणि अख्खा घड नासतो. हे मला सासऱ्यांनीच, नानांनी शिकवलेलं. शुगर मोजायची यंत्रं आली नव्हती तेव्हा आसपासचे बागवाले नानांनाच चाखायला घेऊन जायचे.

हा मणी ओढलेला होता. चार दिवसांत त्या घडाचा चिखल झाला. चिकट पाणी, चिलटं, आत वळवळणाऱ्या अळ्या. काढायला गेले तर बोटांना लागलं, तीनतीनदा साबणाने हात घासले. मग दुसरा घड. मग तिसरा. माझा संशय विहिरीवर धुणं धुवायला येणाऱ्या चुलत जावांवर. तोंडावर "कधी यायचीय नणंद?" म्हणून गोड गोड विचारायचं आणि मागे हे धंदे! त्यांच्याकडे बघायचीही मला किळस यायची.

सहावा घड सडला तेव्हा माझं डोकंच फिरलं. अंगणात उभी राहून गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडले, "पोटुशीच्या तोंडचा घास खाणाऱ्याची जीभ झडो!"

नाना ओट्यावर जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि ताटावरून उठले. त्यांचाही मला रागच आला. दिवाळीत तापातून उठल्यापासून माझ्या प्रत्येक भाजीला "लय सपक" म्हणायचे आणि वरून इतकं मीठ ओतायचे की बघून मळमळावं. आणि लेकीच्या द्राक्षांवर चकार शब्द नाही!

नणंद यायला दोन दिवस राहिले होते. भर दुपारी विहिरीकडे गेले तर झाडाखाली नाना. इकडेतिकडे बघून त्यांनी मणी ओढला, तोंडात टाकला, डोळे मिटून चघळत राहिले आणि थुंकले.

"नाना, तुम्ही?"

दचकले. "आजून पिकलं नाय गं. घडामागून घड बघतो. नुसतं पाण्यावानी लागतंय. पोरीला आंबट कसं द्यायचं?"

मी त्याच घडाचा मणी खाल्ला. साखर होती साखर. ओठ चिकटले. आणि मला ते भाजीवरचं मीठ आठवलं.

"नाना, कधीपासून?"

"तापातून उठलो तवापासून. गोड नाय, खारट नाय, कायच कळत नाय."

"मग मला विचारायचं ना!"

"काय इचारू? कात्री मागितली असती तरी तुला कळलं असतं. आख्खा गाव मला चाखायला न्यायचा."

इतके दिवस जावांची किळस करत होते, आता माझ्याच तोंडाची आली. कुठे बघावं कळेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रडू नको," नाना म्हणाले. "तू म्हणायच्या आदीच झडली व्हती ही जीभ. जा, कात्री आण. राहिलेले दोन घड आता तू चाख."