दिवेवालीचा चेहरा

रोजच्या वहीत मी फार काही लिहीत नाही. सकाळी कोणती प्रार्थना म्हटली, यांचा खोकला कसा आहे, कुणाला भेटून आले, एवढंच. अर्धं पान पुरतं. पण काल माझी भाची पहिल्या नोकरीला गेली आणि आज तिची खोली झाडताना वाटलं, या मुलीला अर्ध्या पानात बसवणं काही जमायचं नाही. तेव्हा आज पानं लागतील तेवढी लागोत.

ही माझ्या धाकट्या बहिणीची थोरली. लहानपणापासून प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. प्रार्थनेला हात जोड म्हटलं तर विचारायची, "डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे?" मिट म्हटलं की, "मग समोर चित्र कशाला लावलंय?" आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, बोलणं कमी. पण त्यांनी तिचं नाव 'चौकशीची खिडकी' ठेवलं आणि ते सगळ्या नातेवाइकांत रूढ झालं. हे म्हणायचे, "इतर खिडक्या जेवणाच्या वेळेला बंद तरी होतात."

चित्रं सुंदर काढायची. वडिलांनी रसायनशास्त्राला घातलं. तिने तीन वर्षं नळ्या-बाटल्यांत काढली, चांगल्या गुणांनी पास झाली आणि मग घरी सांगितलं, आता मी जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकणार. वडील म्हणाले, "म्हणजे धड ना इकडची, धड ना तिकडची." ती म्हणाली, "बाबा, दोन्हीकडचं कळणारं कुणीतरी लागतंच की." ते शिकवणारं महाविद्यालय आमच्या गावात, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. दोन वर्षं राहिली.

मी देवभोळी, हे मला मान्य आहे. ती काय मानते ते कळायला मार्ग नव्हता. एकदा भाजी निवडता निवडता मी विचारलंच. "तू मानतेस की नाही, एकदा सांगून टाक."

"मला अजून माहीत नाही, मावशी. खोटं हो म्हणू का?"

"खोटं हो नको. पण इतक्यात नाहीसुद्धा म्हणू नकोस."

"नाही म्हणायलाही पुरावा लागतो," ती म्हणाली आणि माझ्यापुढची निवडलेली भाजी ओढून पुन्हा निवडायला बसली. माझ्या डोळ्यांवर तिचा विश्वास नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक जुनी वस्तू तपासून, साफ करून, तिचा अहवाल द्यावा लागतो. काम पुरं झालं तरच पदवी. तिने कुठलंसं नदीचं चित्र ठरवलं होतं. मीच तिच्या मागे भुणभुण लावली, की आमच्या दिवेवालीचं काहीतरी कर.

दिवेवाली म्हणजे आमच्या प्रार्थनाघरातलं मुख्य चित्र. लाकडी फळीवर काढलेली, हातात दिवा घेतलेली बाई. कुणी काढलं, ठाऊक नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचे डोळे दिसायचे. हळूहळू ती इतकी काळी पडली की दिव्याची ज्योत आणि एक कान एवढंच उरलं. मी रोज तिच्यासमोर बसते आणि रोज घरी येऊन भाचीला विचारायची, "का गं काळी पडली असेल?"

प्रार्थनाघराचा कारभार मास्तर बघतात. शाळेतून निवृत्त झाले, पण दरारा तोच. त्यांनी परवानगी दिली, एका अटीवर. "चेहरा बदलता कामा नये."

"चेहऱ्याला मी काही करणार नाही," भाची म्हणाली. "त्याच्यावर जे साचलंय तेवढंच काढणार."

बाजूच्या खोलीत चित्र उतरवून ठेवलं. पहिला महिना तिने त्याला हात लावला नाही, नुसतं बघितलं. डोळ्यांनी, भिंगातून, निरनिराळ्या दिव्यांखाली. बघायलाही जाताना कोपरापर्यंत हात धुवायची. एक दिवस तिने मला बोलावून एक फोटो दाखवला. त्यात रंगाच्या आतलं दिसत होतं.

"हे बघ. चित्रकाराने आधी दिवा डोक्याच्या वर धरलेला काढला होता. मग तो बुजवून छातीशी आणला. तो आधी चुकला होता, की त्याला नंतर काही कळलं?"

मी म्हटलं, "दिवा वर धरला की लांबचं दिसतं. छातीशी धरला की धरणारीचा चेहरा दिसतो. आम्हाला तिलाच बघायचं असतं ना."

तिने लगेच वही ओढली. त्या दिवशी तिने तिच्या वहीत लिहिलेलं मी तिला विचारून इथे उतरवून घेतलं होतं: 'दिवा हलला हे यंत्राने दाखवलं. का हलला ते यंत्राला विचारून उपयोग नाही. चित्रकाराला विचारता येत नाही. रोज समोर बसणाऱ्या माणसाला विचारता येतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.' मला दोन दिवस जमिनीला पाय टेकल्यासारखे वाटत नव्हते.

मग एका मंगळवारी घोटाळा झाला.

प्रार्थनाघराचे नवे पडदे आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी शिवले होते. ते लावायला त्या बाजूच्या खोलीत गेल्या. बघतात तर काय, भाचीने बारीक काडीला कापूस गुंडाळला, तो जिभेवर फिरवला आणि तोच दिवेवालीच्या गालावरून फिरवला. शिंपीणबाई पडदे तिथेच टाकून बाहेर आल्या. दुपारपर्यंत गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. घड्याळवाल्यांच्या भाचीने दिवेवालीला थुंकी लावली. मास्तरांनी खोलीला कुलूप घातलं. अहवाल द्यायला तीन आठवडे उरले होते आणि दिवेवालीचा एक गाल उजळ, एक काळा, अशी ती आत अडकली.

माझंही डोकं फिरलं होतं. "इतकी औषधं आहेत तुझ्याकडे. त्यात थुंकीच सापडली?"

"सगळ्यात सौम्य तीच आहे, मावशी. अन्न पचायला तोंडात जे असतं, ते वरची धूळ, काजळी सोडवतं आणि खालच्या रंगाला धक्का लावत नाही. आमचे सर असंच करतात. सरांचे सरसुद्धा."

"मग आधी सांगायचं होतंस लोकांना."

ती म्हणाली, "हो. ते चुकलं. आमच्याकडे दिवसभर सगळेच काड्या तोंडात घालतात. बाहेरून ते कसं दिसेल, हे सुचलंच नाही."

हे पलीकडून म्हणाले, "मी घड्याळाच्या काचेवर तोंडाची वाफ मारून पुसतो. अजून कुणी दुकानाला कुलूप नाही घातलं." मी यांच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य यांनी गिळलं.

रविवारी मास्तरांनी सगळ्यांना बोलावलं. आदल्या दिवशी मी भाचीला म्हटलं, मला तुझा अहवाल वाचायला दे, म्हणजे तुझी बाजू मांडता येईल. ती नको नको म्हणत होती. मी हट्टाने घेतला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'काळेपणाचे मुख्य कारण: स्वयंपाकाच्या तेलाचे अनेक वर्षांचे थर, मऊ कापडाने नियमित लावलेले. त्यात काजळी व धूळ धरून राहिली आहे.'

मी ते दोनदा वाचलं. दर शनिवारी मऊ फडक्यावर दोन थेंब तेल घेऊन मी दिवेवालीचा चेहरा पुसते, तुकतुकीत दिसावा म्हणून. सासूबाईंनी ते काम माझ्याकडे दिलं होतं. एकतीस वर्षं. एक शनिवार चुकवला नाही. आजारी असले तर सोमवारी जाऊन लावून यायची.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या महिन्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तू रोज विचारायचीस, का गं काळी पडली असेल. मला तोंड उघडवेना."

"मग इथे कशाला लिहिलंस?"

"तिथे खोटं लिहिता येत नाही, मावशी. पण तुझं नाव नाही लिहिलं. उद्याही कुणाला सांगणार नाही."

मी अहवाल तिच्या हातात दिला आणि पोळपाट-लाटणं घेऊन बसले. पोळ्या नीट झाल्या नाहीत.

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. भाचीने उभं राहून थुंकीचं सगळं समजावलं, आधी न सांगितल्याबद्दल माफी मागितली. मास्तरांनी विचारलं, "मुळात चित्र काळं का पडलं?"

"तेलामुळे."

शिंपीणबाई म्हणाल्या, "कसलं तेल? स्वतःचं झाकायला दुसऱ्यावर ढकलतेय पोरगी. देवाला तेल लावून कधी काही बिघडतं का?"

"कोण लावत होतं?" मास्तर म्हणाले.

"ते मी सांगणार नाही."

"मग आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"नाही ठेवलात तरी कारण बदलत नाही," ती म्हणाली. आवाज हलला, पण शब्द हलला नाही. "काम थांबवायचं तर थांबवा. माझं वर्ष जाईल. पण तिला एका उजळ गालाने तशीच ठेवू नका, दुसऱ्या कुणालातरी बोलवा."

मी आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते. हात वर करायचा असतो हेही विसरले. "मी लावत होते," मी म्हटलं. "एकतीस वर्षं. दर शनिवारी. ती मला वाचवतेय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता उभीच राहिले आहे तर म्हटलं होऊन जाऊ दे. "शिंपीणबाई, हे पडदे तुम्ही शिवलेत. सुईत दोरा ओवताना टोक कशाने ओलं केलंत?"

त्या म्हणाल्या, "तोंडानेच. दुसऱ्या कशाने ओवतात?" आणि स्वतःच हसायला लागल्या. मग बाकीचे हसले. बाई मनाने मोकळी.

मास्तर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "काम चालू करा. पण आतल्या खोलीत नाही. इथे, सगळ्यांसमोर."

"चालेल," भाची म्हणाली. "पण काम झाल्यावर तेल बंद." आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

पुढचे दोन आठवडे प्रार्थनाघरात रोज सकाळी बायका खुर्च्या घेऊन बसायच्या. धूळ थुंकीने निघाली, खालचं तेल तिच्या द्रावणाने, बोटाच्या पेराएवढं रोज. शिंपीणबाई काड्यांना कापूस गुंडाळून द्यायच्या आणि भाची म्हणायची, वर्गात इतकं सुबक कुणाला जमत नाही. प्रश्न आता सगळ्या बायका विचारायच्या आणि उत्तरं ती द्यायची. हे म्हणाले, "खिडकीच्या पलीकडच्या बाजूला गेली बघ."

चेहरा दिसला तेव्हा मात्र कुजबुज झाली. आमच्या मनात ती तरुण, हसरी होती. ही निघाली पोक्त, कपाळावर आठी, वाऱ्याने दिवा विझेल की काय अशा काळजीने बघणारी. "आमची अशी नव्हती," कुणीतरी म्हणालं. भाचीचा चेहरा उतरला. मास्तरांची अट सगळ्यांना आठवत होती. ते पुढे आले, चष्मा पुसला, बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "माझी आई दिवा नेताना अशीच बघायची." आणि बाहेर जाऊन उभे राहिले. पुन्हा कुणी काही म्हटलं नाही.

परीक्षकांनी तिला विचारलं म्हणे, "म्हणजे श्रद्धेने चित्राचं नुकसान केलं, असाच निष्कर्ष ना?" तिने त्यांना अहवालाचं शेवटचं पान उघडायला सांगितलं. ते मी आधी वाचलं नव्हतं. तिने अडगळीच्या खोलीतली आणखी तीन चित्रं शोधून काढली होती, त्याच हाताची, त्याच काळातली. त्यांना कुणी तेल लावलं नव्हतं. त्यांच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. दोन वाळवीने खाल्ली, तिसऱ्यावर छत गळत राहिलं. खाली लिहिलं होतं: 'मुख्य चित्र काळे पडले, पण टिकले, कारण एक व्यक्ती दर आठवड्याला त्याच्याजवळ जात होती आणि छत गळू लागताच तिने ते भिंतीवरून हलवून घेतले. ही बाब नुकसानीच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे.'

छताचं मी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. ती लक्षात ठेवेल असं वाटलं नव्हतं.

परीक्षक काय म्हणाले ते तिने सांगितलं नाही. पदवीचा कागद तेवढा आणून यांच्या हातात दिला.

ती अजूनही मानते की नाही, मला माहीत नाही. विचारायचं मी सोडलं आहे. गेल्या शनिवारी सवयीने फडकं घेऊन प्रार्थनाघरात गेले. कोरडं. आधी तिला विचारलं होतं, निदान चौकट पुसू का? ती म्हणाली, "पूस. पण हळू."