हरलेल्यांसाठी टाळ्या

फुटबॉलच्या संघाचा मॅनेजर व्हायला कॉलेजात शिकावं लागतं, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. तोवर मी आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघाचा मॅनेजर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. माझं शिक्षण चौथी. उद्यमनगरात लेथवर कामाला होतो. पाळी सुटली की सायकल थेट मैदानावर. बाहेरगावच्या माणसाला सांगायला पाहिजे, कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्तीची माती नव्हे. पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात आणि संघामागं अख्खी पेठ असते, म्हाताऱ्या बायकांसकट.

मॅनेजर काय करतो म्हणाल, तर नव्वदच्या सुमारास मी काय करत नव्हतो ते विचारा. चेंडूत हवा भरायची, लिंबं कापायची, बर्फ आणायचा. सेंटर फॉरवर्ड फाउंड्रीत कामाला, तर मालकाच्या दारात उभं राहून त्याची सुट्टी मागायची. मॅचच्या आदल्या दिवशी कुणाच्या घरात मटण शिजतंय का, ते बघत गल्लीतून फिरायचं. एकदा गोलकीपरच्या आईनं मला दारातच गाठलं.

"तुमच्या मॅचपायी माझ्या पोरानं रस्सा सोडायचा व्हय?"

"सोडू नका. उद्या संध्याकाळी वाढा. जिंकला तर मीबी येतो जेवायला."

"आणि हरला तर?"

"हरला तर त्येलाबी वाढू नका."

अशानं संघ चालतो. हे कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नव्हतं, अजून वाटत नाही.

तर दोन हजारच्या पुढची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाची मुलगी बी.कॉम. झाली आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा कोर्स करते म्हणून पुण्याला गेली. भाऊ मला म्हणाला, "तुझ्याच वळणावर गेली बघ." मी म्हटलं, माझ्या वळणाला फी नव्हती. दोन वर्षं पुण्यात राहिली, पण आमच्याकडच्या पोरींसारखं 'मी येतो, मी जातो' बोलणं काही सुटलं नाही तिचं, तेवढं बरं वाटलं. शेवटच्या सहा महिन्यांत तिला एका संघाबरोबर प्रोजेक्ट करायचा होता. विषय, प्रेक्षकांची खिलाडूवृत्ती. हसावं का रडावं? त्या वर्षी आमच्या प्रेक्षकांना दोनदा लेखी समज मिळाली होती. एकदा बाटल्या फेकल्या म्हणून आणि एकदा कागलहून आलेल्या रेफ्रीला त्याच्याच मोटरसायकलवर बसू दिलं नाही म्हणून. फुटबॉल संघटनेनं दुसऱ्या खेपेच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, पुन्हा गोंधळ झाला तर संघ एक वर्ष बाहेर.

एक वर्ष बाहेर म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोरं वर्षभर रिकामी बसत नाहीत. दुसऱ्या तालमींकडून खेळतात, तिथंच रमतात. परत येतात ती फक्त जर्सी द्यायला. संघ संपला असता.

पुतणी आली ती छापील फॉर्म घेऊन. तालमीत पोरांना वाटले. 'सामन्याला येण्याचं मुख्य कारण कोणतं?' खाली चौकोन, खेळाची आवड, मित्रांची सोबत, करमणूक, इतर. आमच्या बहाद्दरांनी सगळ्यांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढं लिहिलं, 'पलीकडची पेठ हरताना बघायला.' पलीकडची पेठ म्हणजे आमची जन्माची खुन्नस. मधे एक रस्ता आणि एक पाण्याची टाकी. त्यांच्यात आमच्या मुली दिल्यात, त्यांच्या आमच्यात आल्यात; पण हंगाम सुरू झाला की एकमेकांच्या पेठेत कुणी चहासुद्धा पीत नाही.

"काका, ह्येच तर शिकवायचं हाय," पुतणी म्हणाली. "जिंकल्यावर उभं राहून हरलेल्या संघासाठी टाळ्या वाजवायच्या. पद्धत हाय तशी. त्यानं भांडण हुईत न्हाय."

"कुठं हाय पद्धत?"

"सगळीकडं हाय."

"आमच्याकडं न्हाय."

"म्हणून तर तुमास्नी नोटीस येत्यात."

मी रागावून सायकल काढली. आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. ती मात्र तीन रविवार आली, तालमीच्या मातीच्या कडेला फळा लावला आणि पोरांना शिकवलं. पोरं दात काढत बसायची. टाळ्यांची तालीम घेतली तर एकानं बायको भाकरी थापते तसं करून दाखवलं. सगळे लोळले. पोरगी रडवेली होऊन फळा काढायला लागली, तेव्हा मात्र मला बघवेना. शिवाय चार दिवसांवर पलीकडच्या पेठेशी मॅच होती आणि ती नोटीस माझ्या खिशात होती. मी उठलो.

"हसू नगासा. मॅच जिंकलो तर टाळ्या वाजवायच्या. शिव्या न्हाय, शिट्ट्या न्हाय, फटाकं न्हाय. नुसत्या टाळ्या. मी हात वर करीन तवा थांबायचं. तवर कुणी थांबला तर तालमीत पाय ठेवायचा न्हाय त्यानं."

माझा शब्द तालमीत चालायचा, आणि मला त्याचा गर्व होता, तो लपवत नाही. पुतणी म्हणाली, "काका, असं हुकूम दिऊन न्हाय हुईत. मनातनं आलं पायजे." मी म्हटलं, मनातनं यायला चार दिवस पुरत नाहीत, हुकमाला पुरतात.

मॅच आम्ही जिंकलो. शेवटच्या मिनिटाला एक गोल. शिट्टी झाली आणि आमची सगळी गॅलरी उभी राहिली. शिवी नाही, फटाका नाही. टाळ्या सुरू झाल्या. एका तालात, सगळे एकदम, जशा शिकवल्या तशा.

मी काय करत होतो? ज्यानं गोल मारला त्याच्या पोटरीत गोळा आला होता. मी मैदानात गुडघ्यावर बसून त्याचा पाय ताणत होतो. तो ओरडत होता, मी त्याला ओरडत होतो. हात वर करायचा असतो हे माझ्या डोक्यातनं साफ गेलं.

टाळ्या चालूच राहिल्या. पलीकडच्या पेठेची पोरं मान खाली घालून मैदानातनं चालली होती, आणि आमची हजारभर माणसं उभी राहून, शिस्तीत, हसूसुद्धा न आणता त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होती. थांबेनातच. आमच्या गावात हरलेल्याला टाळ्या वाजवल्या तर त्याचा एकच अर्थ होतो. चला, घरी जावा. तेवढं कळायला कोर्स लागत नाही. त्यांची गॅलरी उठून उभी राहिली. मग पहिली चप्पल आली. मग बाटल्या, मग दगड. आणि आमचे? डोक्यावर बाटल्या पडायला लागल्या तरी टाळ्या वाजवतायत! एक म्हातारा तर एका हातानं डोकं झाकून दुसऱ्या हातानं मांडीवर वाजवत होता. मी मान वर केली तेव्हा पोलीस गॅलरीत घुसले होते.

"हात! काका, हात!" पुतणी बाहेरनं किंचाळत होती.

मी हात वर केला. टाळ्या थांबल्या. मग मात्र आमच्यांनीही चपला काढल्या.

तिसऱ्या दिवशी संघटनेचा कागद आला. दगड त्यांनी मारले हे खरं, पण चिथावणी आमची. ठरवून, तालीम करून केलेली चिथावणी. तालीम केली होती हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, पण ते खोटं म्हणता येईना. सुनावणी आठ दिवसांनी. पुतणीनं पाच पानी खुलासा लिहिला. मला वाचून दाखवला. त्यात माझ्या चुकीला चांगलं नाव दिलं होतं, संवादातली त्रुटी.

"त्रुटी न्हाय," मी म्हटलं, "ध्यानातनं गेलं."

"तसं लिवता येत न्हाय, काका."

"का येत न्हाय?"

संघटनेतल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, खुलासे कुणी वाचत नाही. पलीकडच्या पेठेनं लिहून दिलं, की आमची तक्रार नाही, तर बंदी टळेल. नाहीतर एक वर्ष धरून चाला.

म्हणजे मला पलीकडच्या पेठेत जायला लागणार होतं, ऐन हंगामात. त्यांचा मॅनेजर माझ्याच वयाचा, लाकडाच्या वखारीचा मालक. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी टोपी घातली आणि रस्ता ओलांडला. पाण्याच्या टाकीपाशी दोघं-तिघं उभे होते ते माझ्या टोपीकडं बघायला लागले.

वखारीत तो करवतीपाशी बसला होता.

"या पावणं," तो म्हणाला. पावणं! मला चाळीस वर्षं ओळखतो हा माणूस. "टाळ्या वाजवायला आलायसा?"

"माझी चूक झाली. हात वर करायचा ऱ्हायला."

"कसला हात?"

मी सगळं सांगितलं. कोर्स, फळा, हुकूम, पोटरीतला गोळा. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"म्हंजे तुम्ही आमास्नी मान दिलासा?"

"व्हय."

"तुमच्या लोकांनी?"

"व्हय की."

"जन्मात दिला न्हाय, आणि त्या दिवशी दिला. इश्वास ठेवायचा म्हणतासा."

"ठेवा न्हायतर नगा ठेवू. मी खोटं बोलत न्हाय."

"मग एक करा. उद्या चारला आमची मॅच हाय. आमच्या गॅलरीत येऊन बसा आणि आमच्या पोरांसाठी टाळ्या वाजवा. माझी माणसं बगतील. त्येंनी म्हटलं खऱ्या हायत, तर सही."

मी उठलो आणि चालायला लागलो. वखारीच्या दारापर्यंत गेलो. तिथं उभा राहिलो. एक वर्ष. मागं न बघताच म्हटलं, "कुठं बसायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅलरीत, अगदी मधे, मला बसवलं. शेजारी वखारवाला. पलीकडं पुतणी वही घेऊन, तिला घरी बस म्हटलं तर ऐकली नाही. समोर बघतो तर आमची पेठ! त्या मॅचशी आमचा काडीचा संबंध नव्हता, पण दीडशे माणसं मला बघायला आली होती. ओरडायला लागले, "मॅनेजर, सासरी बरं हाय न्हवं?" माझ्या कानशिलांतनं वाफा निघत होत्या.

टाळ्या काही होईनात. हात उचलले की जड. एकदा वाजवल्या तर मागनं कुणीतरी म्हणालं, "भाकरी थापतोय." मी पुन्हा हात मांडीवर ठेवले. मध्यंतराला त्यांचा संघ दोन गोलनं मागं होता आणि मी मनात म्हणत होतो, हे हरणार, आता टाळ्या वाजवायच्या कशाला, सही गेली.

मध्यंतरानंतर त्यांच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली. त्यांचा गोलकीपर मलकापूरकडचा, बोटांना पट्ट्या बांधलेला. मारणाऱ्यानं गोलकीपरच्या उजवीकडं बघितलं आणि मला दिसलं की तो त्याच्या डावीकडं मारणार. इतकी वर्षं ज्यानं बघितलंय त्याला दिसतं. मी उभा राहून ओरडलो, "डाव्या हाताला! डाव्या हाताला रं!" त्यानं ऐकलं असेल असं नाही, पण पोरगं डावीकडंच झेपावलं आणि बोटांच्या टोकानं चेंडू खांबाबाहेर काढला. काय अडवला म्हणून सांगू! मी वाजवतच सुटलो. शेजाऱ्याच्या पाठीत थापसुद्धा मारली, म्हणजे वखारवाल्याच्याच. समोरनं आमची पेठ काय ओरडत होती ते मला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, की सगळी गॅलरी माझ्याकडं बघतीय आणि मी एकटाच उभा आहे.

मॅच ते हरले. शिट्टी झाल्यावर वखारवाला उठला, आपल्या माणसांकडं बघितलं. दोघा-तिघांनी माना हलवल्या. त्यानं पुतणीकडनं वहीचा कागद मागितला.

"वाका जरा," मला म्हणाला.

"का?"

"टेबल कुठं हाय हितं? पाठ द्या."

मी वाकलो. समोर आमची दीडशे माणसं. तो माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहायला लागला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायला लागला. "आमच्याविरुद्धच्या मॅचमधल्या टाळ्या खोट्या होत्या, पण वाईट मनानं नव्हत्या. आमची तक्रार नाही."

"खोट्या?" मी ताठ व्हायला लागलो.

"हलू नगासा. आजच्या खऱ्या हुत्या, त्या मी वळखल्या. त्या दिवशीच्या न्हवत्या. मी खोटं लिवून देत न्हाय."

"खोट्या काढा त्यातनं. नुसतं तक्रार न्हाय एवढं लिवा."

"मग लिवत न्हाय."

"काका," पुतणी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बरोबर लिवलंय त्येंनी. वाकून ऱ्हावा."

भरल्या मैदानात, चौथी शिकलेल्या माणसाच्या पाठीवर, चाळीस वर्षांच्या वैऱ्यानं माझ्या पेठेला खोटं म्हणून लिहिलं, आणि मी वाकून राहिलो. हुकूम माझाच होता. सही करताना त्यानं पेन असं दाबलं, की सदऱ्याला निळा डाग पडला.

त्या कागदावर बंदी टळली. पुतणीनं तो प्रोजेक्टाला जोडला आणि तिला पहिला वर्ग मिळाला. मी तिला विचारलं, झेरॉक्स काढताना तेवढा एक शब्द झाकता आला नसता का? ती म्हणाली, "न्हाय. त्येच्यावरच तर सरांनी बरोबरची खूण केलीय."