क्रेनचा नमस्कार

दसऱ्याला यंत्रांना तेल लावतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सगळेच लावत. नाकाडोंगरीकडच्या आमच्या मँगनीज खाणीच्या वर्कशॉपमध्ये आदल्या दिवसापासून धुणं-पुसणं चाले. लेथवाले लेथ चमकवत, वेल्डर आपल्या गॅसच्या टाक्यांना झेंडूच्या माळा घालत, आणि मी छताखाली रुळांवर चालणाऱ्या क्रेनच्या मागे लागे. सत्तरीचं दशक संपत आलं होतं, मी नवा ऑपरेटर होतो, आणि वर केबिनमध्ये बसलो की खालची माणसं माझ्याच परवानगीनं हिंडताहेत असं मला वाटे.

क्रेनची देखभाल आमच्या मिस्त्रींकडे होती. आवाज फाटका, पान कायम गालात. त्यांचे नियम थोडेच. वर चढण्याआधी मेन स्विच पाडायचा आणि फ्यूज काढून आपल्याच खिशात ठेवायचे. ओझं आधी वीतभर उचलायचं, लिव्हर सोडून ब्रेक धरतो का बघायचं, मगच वर न्यायचं. आणि लटकत्या ओझ्याखाली देवसुद्धा उभा राहता कामा नये.

"देव उभा राहिला तं?" मी एकदा विचारलं.

"तं त्याले बी हाकल."

त्या वर्षी मी फ्यूज नियमानं खिशात टाकले, वर चढलो आणि क्रेनची अशी सेवा केली की बायकोनं पाहिली असती तर माहेरी निघून गेली असती. गिअरबॉक्स पुसला, ओझं पेलणाऱ्या तारेच्या रोपला ग्रीस दिलं, रेलिंग घासलं. ओझं उचलणाऱ्या मोटारीशेजारी एक लोखंडी चाक असतं. लिव्हर सोडली की दोन जबडे त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. तोच ब्रेक. सगळं अंग चमकतंय आणि ते चाक तेवढं कोरडं, रूक्ष. लग्नघरात एकाच पाहुण्याला उपाशी ठेवल्यासारखं मला वाटलं. मी चिंधी तेलात बुडवली आणि त्यालाही पोटभर पाजलं. जबडे सैल करून आतूनसुद्धा. मेहनतीत मी कुठे कमी पडलो नाही.

दसऱ्याच्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत यायची मुभा असे. माझी बायको सानगडीकडची, धान पिकवणाऱ्यांच्या घरातली. नवरा दिवसभर करतो तरी काय, हे तिला मला कधी नीट सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी ती लेकीला घेऊन अगदी पुढे उभी होती. मिस्त्री नारळ फोडत होते. पूजेनंतरची पहिली उचल माझी, एका डंपरचं उघडं इंजिन, त्याला हार घातलेला.

वीतभर उचलून बघायचं होतं. पण बायको बघत होती. मी इंजिन थेट दीड माणूस उंच नेलं, लिव्हर सोडली आणि केबिनमधूनच झोकात हात जोडले.

इंजिन हळूच खाली येऊ लागलं.

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, क्रेन नमस्कार करतेय. मग कळलं, ब्रेक धरत नाही. मी लिव्हर ओढून ते पुन्हा वर घेतलं, सोडलं, ते पुन्हा वाकलं.

"अरे देख देख, मशीन नमस्कार करून राहिली!" खालून कोणीतरी ओरडलं.

झालं. बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे सरसावल्या. सगळ्यांच्या पुढे माझीच. लेकीला कडेवर उचलून ती इंजिनाच्या पोटाखाली गेली आणि कुंकू लावायला हात वर केला. आता मला ते खाली ठेवता येईना आणि थांबवताही येईना. थोडं वर घ्यायचं, ते घसरायचं, परत वर. मी पायाखालची धोक्याची घंटा बडवायला लागलो. लोकांना वाटलं आरती चालू झाली. ते टाळ्या वाजवू लागले, घंटेच्या तालावर.

मला त्या वेळी भीती वाटल्याचं आठवत नाही. हात लिव्हरवर होता, पण तो माझा नव्हता. लेकीच्या डोक्यातली लाल रिबन दिसत होती, आणि तिच्यावर ते इंजिन. बाकी काही नाही.

मिस्त्रींनी वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. एकदाच. मग गर्दीकडे वळून गरजले, "परसाद दरवाज्यापाशी वाटून राहिले! सरला तं मले सांगू नका!"

गर्दी पळाली. बायको नाही. तिचं कुंकू राहिलं होतं. मिस्त्रींनी तिच्या कडेवरून पोरगी काढून घेतली आणि चालू लागले.

"अवो भाऊ, कुठं नेता तिले? काहून नेता?" बायको भांडत मागे गेली.

मी लिव्हर सोडली. इंजिन घसरत आलं आणि जमिनीवर टेकलं, मांजर बसावं तसं. हारसुद्धा तुटला नाही.

मी खाली उतरलो तेव्हा मिस्त्री एकटेच उभे होते. माझ्या तेलकट मनगटाचा त्यांनी वास घेतला.

"ब्रेकच्या चाकाले लावलं?"

"हो."

"जबड्याच्या आतून बी?"

"हो."

"तोंडाले नाही लावलं थे? थे बी चमकलं असतं." ते थुंकायला गेले, परत आले, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून चाक पेट्रोलनं धुऊन घेतलं. जबड्यांची अस्तरं तेल प्यायली होती, ती फेकून नवी बसवली. मग त्याच इंजिनाला वीतभर उचलून मला बघत बसवलं. ते हललं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. "ब्रेकले तेल लावलं होतं मी. म्हणून थे खाली येत होतं."

"मंग? दसऱ्याले लावतेतच," ती म्हणाली आणि भात वाढला.

मी जेवलो. चव लागली नाही, पण दोनदा भात घेतला.

नंतर दिवाळीपर्यंत लेकीचा एकच खेळ होता. डालड्याच्या रिकाम्या डब्याला सुतळी बांधून ती खिडकीच्या गजावरून ओढायची, सोडायची, आणि डबा खाली आला की बायको पोळपाट सोडून हात जोडायची. दोघी हसत. एकदा मी जेवता जेवता उठलो, लेकीचे पाय डब्याखालून बाजूला सरकवले आणि परत ताटावर येऊन बसलो.

"बाबा, थो नमस्कार करते," ती म्हणाली.

"करू दे," मी म्हटलं. "तू बाजूला उभी राह्य."