अप्पांच्या नेटवर जागा नव्हती

अप्पा गेले त्या दिवशी मला रडू आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. आत्याने दोनदा माझं डोकं खांद्याला लावून घेतलं, मी दोनदा ते सोडवून घेतलं. मला एकच काम दिसत होतं: अमेरिकेतल्या धाकट्या भावाला अप्पा दाखवायचे. त्याचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं आणि आमच्यात मातीला तेवढा उशीर करत नाहीत. नेटवर व्हिडिओ लागला तर लागला, नाहीतर वडिलांचा चेहरा त्याला पुन्हा दिसायचा नव्हता.

आमचं घर परळीत, पुढे कापडाचं दुकान आणि मागे राहणं. बिनवायरच्या नेटचं डबडं दुकानाच्या भिंतीवर. मी तेव्हा अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकवायचे, म्हणून ते मीच बसवून दिलं होतं. लॅपटॉप माजघरात अप्पांसमोर ठेवला. नेटचं नाव दिसत होतं, पासवर्ड बरोबर होता, पण जोडणी काही होईना. नुसतं गोल गोल फिरायचं आणि सुटायचं.

शेवटी लॅपटॉप दुकानात नेऊन डबड्याला वायरने जोडला. वायर हातभर, माजघरापर्यंत पोचणारी नव्हती. पण सेटिंग उघडली आणि कारण कळलं. डबडं एका वेळी दहाच यंत्रं घ्यायचं, आणि दहा भरली होती. आकडा वाढवून पाहिला, ते ऐकेना.

दहा कोण, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. नेट आलं तसा अप्पांनी पासवर्ड गल्लीभर वाटला होता. मी चिडले तेव्हा म्हणाले, "आगं, वायर न्हाई का काय न्हाई. आपलं काय झिजतंय?" फुकट ते पौष्टिक. समोरचा दवाखाना, वरच्या खोलीतली इंजिनिअरिंगची पोरं, सगळ्यांची यंत्रं आपापल्या जागी चालू, गाणी उतरवत. आणि माणसं आमच्या अंगणात डोक्यावर रुमाल टाकून बसलेली.

डबडं बंद करून चालू केलं. लॅपटॉप जोडायच्या आत दहाजण परत चिकटले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मयताच्या घरी बसलेल्या माणसाला "तुमचा कॉम्प्युटर बंद करा" कोणत्या तोंडाने म्हणायचं? तरी चुलतभावाला पाठवलं. दोघेतिघे बिचारे उठून घरी गेले, यंत्रं बंद करून आले. त्यांच्या जागा पाहुण्यांच्या मोबाईलांनी घेतल्या; पासवर्ड अप्पांनी त्यांनाही दिलेला.

काका दुकानात आले. "विधीला जंगम खोळंबलेत, पोरी. चारला लाईट जाईल. अप्पाला आनखी किती येळ ठिवायचं?"

परळीत वीज तयार होते आणि परळीतच लाईट जाते. दिव्याखाली अंधार.

"पाच मिन्टं, काका."

"त्या डबड्याशी काय खेळायलीस? जरा रडून तरी घे."

"येत न्हाई," मी म्हणाले. खरंच येत नव्हतं.

उपाय एकच उरला होता, पासवर्ड बदलायचा. वर्गात मी तोच आधी सांगायचे, पण त्या दिवशी हात होईना. अप्पांनी ज्याला ज्याला हौसेनं दिलं, ते सगळं काढून घ्यायचं, तेही ती माणसं त्यांच्यासाठी येऊन बसलेली असताना. अप्पांनी मला हे कधीच करू दिलं नसतं. मी बटण दाबलं. दहाही गेले. मला वाईट वाटलं नाही आणि बरंही वाटलं नाही.

लॅपटॉप आत नेला, या वेळी लगेच लागला.

आम्हा वीरशैवांत प्रेत आडवं ठेवत नाहीत. अप्पांना भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर विभूती, अंगात धुतलेला सदरा. दर रविवारी याच भिंतीला टेकून ते भावाशी बोलायला बसायचे.

पडद्यावर भाऊ आला. त्याच्याकडे पहाट होती. चित्र अडखळत होतं. त्याने चष्मा पुसला, पुढे वाकून पाहिलं, आणि दर रविवारी जे पहिलं विचारायचा तेच त्याच्या तोंडून निघून गेलं.

"अप्पा, आवाज यायलाय का?"

बायकांचं रडणं थांबलं. काकांनी तोंडावर उपरणं धरलं. भाऊ तसाच वाकून वाट पाहत होता.

"यायलाय," मी लॅपटॉपच्या मागून म्हणाले. "बोल तू."